पद्मिनी एक इंच खाली बसवायची असेल तर कटर उचलायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन झालं, रंग झाला, पण गाडी उंच दिसते, चाक आणि मडगार्डच्या मधे हाताचा पंजा सहज जातो, तुम्हाला ती दीड इंच खाली पाहिजे आणि जवळचा गॅरेजवाला म्हणतोय पुढच्या स्प्रिंगचा दीड वेढा कापू, मागचा एक पाटा (मागच्या स्प्रिंगची एक पोलादी पट्टी) काढू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. करू का, असं तुम्ही विचारलंय.

असं करू नका. गाडी खाली घेऊच नका असं मी म्हणत नाहीये, थोडी खाली बसलेली पद्मिनी सुंदर दिसते आणि वळणावर चालतेही चांगली, मी स्वतः अशा बऱ्याच करून दिल्यात. पण ज्या क्रमाने तो सांगतोय तो क्रम उलटा आहे. तीस वर्षांच्या वर फियाटच्या खाली पाठीवर झोपून काम केलंय त्यावरून सांगतो, "गाडी उंच दिसते" म्हणून आलेल्या निम्म्या गाड्या कंपनीने उंच बनवलेल्या नव्हत्या, मधल्या चाळीस वर्षांत कुणी ना कुणी त्या उंच केलेल्या होत्या. म्हणून पहिलं काम गाडी तिच्या मूळ उंचीवर आणायची. त्यानंतर बघायचं अजून किती पाहिजे.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११०० डी. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून बनायला लागली, १९७४ मधे पद्मिनी झाली, आणि खालचा सांगाडा शेवटपर्यंत जवळजवळ तोच राहिला. पुढे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म आणि मधे कॉइल स्प्रिंग, मागे सरळ हाऊसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारी एक्सलची आडवी नळी) आणि त्याला लांब पाटे. घरात जुना अल्बम असेलच, वडिलांचा गाडी नवी असतानाचा फोटो काढा, गाडीला हार घातलेला असतो तो. त्यात मागच्या चाकावर मडगार्ड किती आलंय ते बघा आणि आज उभ्या गाडीकडे बघा. फरक दिसला तर समजा की कारण गाडीत नंतर घुसलंय.

कुठून घुसतं ते सांगतो. सगळ्यात मोठा गुन्हेगार मागचा जादा पाटा. टॅक्सीवाल्यांना वर कॅरियर, डिक्कीत गॅसची टाकी, मागे तीन माणसं, त्यामुळे त्यांनी पाटे वाढवले, आणि पुढे घरगुती गाडीचा पाटा तुटला की मेकॅनिक टॅक्सीवाल्याच्याच ओळखीतून तसलाच सेट आणून टाकायचा. दोन्ही बाजूचे पाटे मोजा. मी अशा गाड्या बघितल्यात की डावीकडे एक पाटा जास्त आणि उजवीकडे नाही, आणि मालक दहा वर्षं अलाईनमेंटवाल्याला दोष देतोय. दुसरं म्हणजे पुढच्या स्प्रिंगच्या वर किंवा खाली घातलेलं पॅकिंग. स्प्रिंग बसली, म्हणजे थकून आखूड झाली, की नवी आणायच्या ऐवजी लोखंडी किंवा रबरी रिंग घालायची ही आपल्याकडची जुनी पद्धत, मग कुणीतरी नंतर स्प्रिंग नवी टाकतो आणि रिंग तशीच ठेवतो. तिसरं, बाजारातल्या नव्या स्प्रिंगा. तार मूळ स्प्रिंगपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी जाड असली तरी फरक किती पडतो ते बघा, स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे १२ च्या जागी साडेबारा मिलिमीटर तार आली तर स्प्रिंग जवळजवळ १८ टक्के कडक झाली. व्हर्नियरने मोजल्याशिवाय डोळ्यांना हे दिसतच नाही.

आणि चौथं कारण, जे कुणी सांगत नाही. रबरी बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबराच्या नळ्या. पाट्यांचे, शॅकलचे (पाट्याचं टोक टांगणाऱ्या पट्ट्यांचे), जिथे जिथे रबर आहे ते बुश गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबत असताना आवळले की ते त्याच स्थितीत घट्ट होतात. मग गाडी खाली उतरवली की रबर पिळलं जातं आणि स्प्रिंगच्या जोडीने तेही गाडीला वर ढकलत राहतं. शिवाय असे बुश लवकर फाटतात. इलाज फुकट आहे, चाकं जमिनीवर असताना, गाडीचं वजन चाकांवर असताना सगळे बोल्ट एकदा सैल करायचे, गाडी दोन-तीनदा दाबून हलवायची, आणि मग परत आवळायचे. मागच्या वर्षी साताऱ्याहून एक पद्मिनी आली होती, मालकाला दोन इंच खाली पाहिजे होती. मागचा जादा पाटा काढला, पुढची एक रिंग काढली, बुश सैल करून परत आवळले. मागे २८ मिलिमीटर आणि पुढे ११ मिलिमीटर गाडी खाली आली, कटरला हात न लावता. तो माणूस गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, बास, हीच पाहिजे होती.

मोजायचं कसं ते पण सांगतो कारण बहुतेक जण जमिनीपासून मोजतात आणि फसतात, टायरमधली हवा कमी-जास्त झाली की माप बदलतं. चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, चारी चाकं, वहीत लिहून ठेवायचं. जमीन सपाट, टाकी अर्धी, स्टेपनी डिक्कीत, आणि मोजायच्या आधी गाडी हाताने दाबून दाबून सोडायची आणि चार-पाच फूट पुढे-मागे ढकलायची. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजलं तर टायर रस्त्याला चिकटून राहतात आणि गाडी दहा-पंधरा मिलिमीटर उंच दाखवते. अजून एक, डिक्की रिकामी असताना पद्मिनीचा मागचा भाग थोडा उचललेला दिसतोच, मागे आई-बाबांना बसवून एकदा लांबून बघा आणि मग ठरवा.

आता टायर. मूळ टायर ५.२०-१४, आज त्याच्या जवळचा म्हणजे १५५/८० आर १४. त्याच रिमवर १६५/७० आर १४ टाकला तर टायरचा व्यास साधारण १७ मिलिमीटर कमी होतो, म्हणजे गाडी साडेआठ मिलिमीटर खाली, सस्पेन्शनला हातही न लावता. स्पीडोमीटर तीनेक टक्के जास्त दाखवेल, तेवढं चालतं. पण लक्षात घ्या, यात गाडी जमिनीजवळ येते, मडगार्ड चाकाजवळ येत नाही, ती फट उलट थोडी वाढते. तुम्हाला फटीचाच त्रास असेल तर टायर लहान करून समाधान होणार नाही. आणि एका बाजूला रेडियल टायर, दुसऱ्या बाजूला जुन्या बांधणीचा क्रॉस-प्लाय टायर असं कधीही ठेवू नका.

हे सगळं करूनही गाडी उंच वाटली तर मग खाली घ्यायची, आणि माझं मत पक्कं आहे, मूळ उंचीपासून पुढे एक इंच, मागे एक इंच, बास. दीड नाही. कारण गाडी खाली घेताना तुम्ही चाकाला वर जायला असलेल्या जागेतून खर्च करताय. गाडीखाली जा आणि पुढच्या आर्मपासून बंप रबरपर्यंत (आर्म पूर्ण वर गेला की जिथे टेकतो तो रबराचा ठोकळा) किती जागा आहे ते बघा, बोट घालून बघा, आणि मग विचार करा त्यातून किती देणार. ती जागा संपली की खड्ड्यात स्प्रिंगचं काम थांबतं आणि सगळा दणका सरळ बॉडीला जातो, आणि पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचीच बॉडी सगळा भार घेते.

हे मी शिकलो त्याची गोष्ट सांगतो. १९९४ ची असेल, मी नवीन होतो, एक पांढरी गाडी आली, घाई होती, मी गॅसच्या बत्तीने पुढच्या दोन्ही स्प्रिंगचा एकेक वेढा कापला. दिसायला झकास झाली. तीन महिन्यांनी मालक परत आला, गाडी उजवीकडे पाऊण इंच झुकलेली, कारण जिथे ज्वाला लागली तिथलं पोलादाचं टेंपरिंग (तापवून-थंड करून दिलेली ताकद) गेलं होतं आणि एक स्प्रिंग बसत चालली होती. खाली बघितलं तर बंप रबरचा भुगा झालेला आणि शॉकअप जिथे धरतो तिथल्या पत्र्याला वेल्डच्या कडेने केसासारखी चीर, गंजाची लाल रेघ बाहेर आलेली. त्याच्या वडिलांनी घेतलेली गाडी होती ती. मी ती चीर माझ्या खर्चाने दुरुस्त करून दिली, पण मूळ स्प्रिंग परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून माझ्या शेडमधे स्प्रिंगला गॅस लावायचा नाही हा नियम आहे, आणि गाडीवर लागलेली स्प्रिंग कापायची नाही हाही. कुर्ल्याचा माल कधीच बंद झाला, मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी सुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, त्या टॅक्सींमुळे जी सुट्या भागांची बाजारपेठ जिवंत होती ती आता आटत चाललीय. तुमच्या गाडीत मूळ स्प्रिंग असेल तर तिला तेल लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

मागून सुरुवात करा, मागचं सोपं आहे. दोन रस्ते. एक, पाट्यांची कमान कमी करून घेणं. ट्रकचे पाटे मारणारा चांगला कारागीर शोधा, त्याला सांगा गरम करायचं नाही, थंडच प्रेसवर किंवा घणाने कमान उतरवायची, दोन्ही बाजू एका मापाच्या. आधी फरशीवर खडूने मूळ पाट्याची कमान आखून ठेवा म्हणजे किती उतरली ते भांडण न होता दिसतं. पाटे सुटलेच आहेत तर प्रत्येक पाटा घासून ग्रेस लावून परत बांधा, गाडी अशी मऊ होते की तुम्हालाच आश्चर्य वाटेल. दुसरा रस्ता म्हणजे पाटा आणि हाऊसिंगच्या मधे एक इंची ब्लॉक. इथे आधी खाली वाकून बघायचं, हाऊसिंग पाट्याच्या वर बसलेलं असेल तरच मधल्या ब्लॉकने गाडी खाली येते, पाटा वर आणि हाऊसिंग खाली असेल तर त्याच ब्लॉकने गाडी वर जाईल. ब्लॉक लोखंडाचा किंवा भरीव अॅल्युमिनियमचा, लाकडाचा नाही, एकावर एक दोन नाहीत, आणि त्याला वर-खाली सेंटर बोल्टची खाच आणि खुंटी पाहिजेच, नाहीतर ब्रेक मारल्यावर हाऊसिंग सरकेल. यू-बोल्ट नवे आणि तेवढे लांब बनवून घ्या, जुने ताणलेले परत वापरू नका, चारी नट तिरपे तिरपे आळीपाळीने आवळा आणि शंभर किलोमीटर झाले की परत पाना लावा, हमखास थोडे सैल सापडतात. मला स्वतःला ब्लॉकचा रस्ता जास्त आवडतो कारण अर्ध्या दिवसात परत काढता येतो.

गॅरेजवाला म्हणतो तसा मूळ सेटमधला पाटा काढू नका. जादा असेल तो काढा. मूळ सेट सहाचा असेल आणि सगळे एका जाडीचे असतील, तर एक काढला की कडकपणा सहावा भाग गेला, घरचे पाच जण बसले की मागचा भाग रबरावर टेकणार. मेन पाट्याच्या लगतच्या दुसऱ्या पाट्याला तर कुणी हात लावायचा नाही, मेन पाट्याचा डोळा (टोकाची गोल कडी) तुटला तर तोच सांभाळतो.

आता पुढचं, जिथे सगळे चुकतात. लोक समजतात एक इंच स्प्रिंग कमी केली की गाडी एक इंच बसणार. तसं नसतं, दोन कारणांनी. पहिलं, स्प्रिंग चाकावर नाही, आर्मच्या मधे बसलीय. आर्मच्या आतल्या बिजागरापासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच बिजागरापासून बाहेरच्या किंगपिनच्या (चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिच्या) बाजूच्या सांध्यापर्यंत मोजा. समजा १८ आणि ३० सेंटिमीटर आलं, तर प्रमाण झालं ०.६, म्हणजे स्प्रिंगपाशी १५ मिलिमीटर कमी केले की चाकापाशी २५ मिलिमीटर, पूर्ण एक इंच. दुसरं, वेढ्यांमधलं अंतर गाडीत बसलेल्या, दबलेल्या स्प्रिंगवर मोजायचं, बाहेर काढलेल्या मोकळ्या स्प्रिंगवर नाही. वजन तेवढंच असल्यामुळे उरलेला प्रत्येक वेढा पूर्वी जेवढा दबत होता तेवढाच दबतो, म्हणून दबलेल्या स्थितीत वेढ्यांमधे ३० मिलिमीटर असेल तर अर्धा वेढा गेला की स्प्रिंग बरोबर १५ मिलिमीटर आखूड झाली. म्हणजे या हिशेबाने तुमच्या एक इंचाला अर्धा वेढा पुरतो. तुमचा गॅरेजवाला दीड वेढा म्हणतोय, तो तीन इंच होतो! तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील, पण त्याने हा हिशेब केलेलाच नाही एवढं नक्की.

आणि वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते. आठ कामाचे, म्हणजे दबणारे, वेढे असतील आणि अर्धा गेला तर साधारण सात टक्के कडक, हे चांगलंच आहे, उंची कमी झाली तेव्हा थोडा कडकपणा पाहिजेच. दोन वेढे गेले तर ३३ टक्के, मग जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही आणि गाडी उड्या मारते.

माझी पद्धत अशी. स्प्रिंग बनवणाऱ्याकडे मूळ स्प्रिंग घेऊन जायचं, तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे, टोकांचा आकार सगळं तिच्यावरूनच घ्यायला लावायचं, आणि सांगायचं की सिलिको-मँगनीज स्प्रिंग स्टीलची जोडी पाहिजे, दबलेल्या उंचीत एवढे मिलिमीटर कमी. बनल्यावर प्रत्येक स्प्रिंग तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडायला सांगायची म्हणजे जी बसायची ती तिथेच बसते, नंतर तुमच्या गाडीत नाही. हे शक्यच नसेल तर बाजारातली दुसरी जोडी आणा आणि ती कापा, पातळ कटिंग व्हीलने, पाणी मारत मारत, एका वेळी पाव वेढा, निळा रंग यायला लागला की थांबायचं. टोक सपाट घासलेलं असेल तर ते टोक कापू नका, कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसणार नाही.

एक विनंती कळकळीने करतो. दबलेली कॉइल स्प्रिंग काढताना नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), खालच्या आर्मखाली दुसरा जॅक, स्प्रिंगमधून जाड साखळी ओवून बॉडीच्या मजबूत भागाला बांधलेली, आणि समोर तोंड नाही. सुटलेल्या स्प्रिंगने पायाचं हाड मोडलेला माणूस मी बघितलाय.

बसवून झालं की दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवा, मग परत हबपासून मापं घ्या, आणि त्यानंतर अलाईनमेंट, आधी नाही. पुढचा भाग खाली आला की चाकांचा वरचा भाग आत झुकतो आणि टो (चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) पण बदलतो, अलाईनमेंट टाळली तर टायरची आतली कड पाच-सहा हजार किलोमीटरमधे खलास. किंगपिन आणि टाय रॉडच्या सांध्यांत खेळ असेल तर तो आधी काढा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा रबरी पाइप कुठे घासत नाही ना बघा. हेडलाइटचा झोत पण एकदा भिंतीवर बघून घ्या.

स्पीडब्रेकरची भीती सगळ्यांना असते म्हणून सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पद्मिनीचा व्हीलबेस २.३४ मीटर, त्यामुळे गाडी बरोबर मधोमध असताना पुढची-मागची चाकं पण उतारावर चढलेलीच असतात, आणि पोटाखालची फक्त ४ सेंटिमीटर जागा जाते. एक इंच खाली घेतलेली गाडी हा आरामात पार करते. घात होतो सोसायटीच्या दारात टाकलेल्या हातभर रुंद सिमेंटच्या ढिगाऱ्यावर, तिथे दोन्ही चाकं सपाट जमिनीवर आणि मधे पूर्ण उंची, पाच माणसं बसलेली असली की आधी सायलेन्सर घासतो आणि मग चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी). तुमच्या रोजच्या रस्त्यावर असे किती आहेत ते टेपने मोजून या. तो आकडा एक इंचालाही नाही म्हणत असेल तर पुढे पाऊण इंचावर थांबा, दिसायला फरक फारसा पडत नाही.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि तुमची गाडी दर पाच वर्षांनी फिटनेसला जाणार. म्हणून बॉडीला वेल्डिंग नाही, कापाकापी नाही, जे केलं ते सगळं पान्याने काढता येईल असंच. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिसमधे, बॉडी शेलमधे किंवा इंजिनमधे मोठा बदल केलेला नसेल तरच. तुमची १९८६ ची, म्हणजे २०३६ मधे तिची वेळ येईल.

या रविवारी फक्त चार मापं घ्या, दोन्ही बाजूचे पाटे मोजा आणि पुढच्या स्प्रिंगच्या वर-खाली टॉर्च मारून रिंग आहे का बघा. आकडे मला पाठवा, पुढे किती काढायचं ते त्यावर ठरवू. आणि गॅरेजवाल्याला दिलेली वेळ रद्द करा.